बाबा स्वर्गात नसतील तर मलाही जायचं नाही

वाचकाचं पत्र

मॅडम, मी मूळची वसईची. लग्न होऊन नागपुरात आले त्याला आता सोळा वर्षं होतील. यजमान हिंदू आहेत, रेल्वेत नोकरीला. लग्न चर्चमध्येच झालं, बिशपांची परवानगी काढून. त्या वेळी मी लिहून दिलं होतं की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवीन. लेकीचा बाप्तिस्मा झाला, तिसरीत असताना पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) झालं. सासूबाई दोन्ही वेळा चर्चमध्ये आल्या, नातीच्या गळ्यातलं पदकसुद्धा त्यांनीच करून दिलं. धर्मावरून घरात कधी वाद झाला नाही.

लेक आता आठवीत आहे. शाळा सिस्टर लोकांची. आठवड्यात दोनदा बाकीच्या मुलींना मोरल सायन्स असतं तेव्हा कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात. मागच्या महिन्यात तिथं बाप्तिस्म्याचा धडा चालू होता. हिनं विचारलं, ज्यांचा बाप्तिस्मा झाला नाही ते स्वर्गात जात नाहीत का? टीचर म्हणाल्या, नाही जात. ही म्हणाली, माझ्या बाबांचा नाही झालेला. त्यावर टीचर म्हणाल्या, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना कर, देव त्यांना बुद्धी देईल.

घरी आली ती जेवलीच नाही. रात्री आजीजवळ रडली. सासूबाई मला म्हणाल्या, "पोरीले काहून रडवून राहिले हे लोक? तिचं तिले ठरवू दे ना." आता लेकीचं म्हणणं, जिथं बाबा येणार नाहीत तिथं मला जायचं नाही, मी मोरल सायन्सलाच बसणार आणि कन्फर्मेशन (बाप्तिस्म्याची वचनं स्वतः पक्की करण्याचा संस्कार) मला नको. दिवाळीनंतर कन्फर्मेशनचे वर्ग सुरू होतील, फॉर्म घरी आलाय. यजमान म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर, फक्त जबरदस्ती नको. मला मात्र रात्र रात्र वाटत राहतं की मी दिलेला शब्द मोडतेय. मुलीला समजावू की शाळेशी भांडू?

एक आई, नागपूर

उत्तर

ताई, तुमच्या लेकीला मिळालेलं उत्तर चुकीचं आहे. कडक नव्हे, जुन्या वळणाचं नव्हे, चुकीचं. आणि कुणा पुरोगामी माणसाच्या मते नव्हे, खुद्द कॅथलिक चर्चच्या शिकवणीप्रमाणे चुकीचं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि टीचर चुकल्या असतील ही शंका मला त्यात कुठंच सापडली नाही. तुम्ही धरूनच चाललात की चर्चचं म्हणणं हेच असणार, आणि आता लेक सांभाळायची की चर्च, एवढंच काय ते ठरवायचं उरलंय. म्हणजे टीचरच्या त्या एका वाक्यावर तुमच्या घरात दोघींनी विश्वास ठेवलाय. लेक चिडली आणि तुम्ही घाबरलात, एवढाच फरक.

तेव्हा चर्च काय म्हणतं ते नीट पाहू. रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, १९९२ साली चर्चची शिकवण सांगणारा जो मोठा कॅटेकिझम काढला, ज्याच्या आधारे शाळेतली ही पातळ पुस्तकं तयार होतात, त्यात बाप्तिस्म्याचं प्रकरण आहे. त्याचा १२५७वा परिच्छेद उघडा. तारण बाप्तिस्म्याशी जोडलेलं आहे असं तिथं म्हटलंय, हे खरं. पण त्याच वाक्यात पुढं असंही म्हटलंय की देव स्वतः मात्र आपल्या संस्कारांनी (बाप्तिस्म्यासारख्या विधींनी) बांधला गेलेला नाही. तासात अर्धंच वाक्य शिकवलं गेलं. राहिलेल्या अर्ध्यात तुमचे यजमान होते.

हे काही १९९२ मध्ये अचानक सुचलं नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीचा मुख्य दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या १६व्या परिच्छेदाचा आशय असा: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची किंवा चर्चची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि आपली सदसद्विवेकबुद्धी सांगेल तसं वागायची धडपड करतात, त्यांनाही शाश्वत तारण मिळू शकतं. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ ला, इतर धर्मांविषयीचा दस्तऐवज आला. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावानिशी उल्लेख आहे आणि त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं स्पष्ट म्हटलंय.

आता कुणीतरी टोकेल. सोळा वर्षं नाताळला चर्चमध्ये येऊन बसणाऱ्या माणसाला 'ओळख झाली नाही' कसं म्हणायचं? रास्त शंका आहे. पण ते १६व्याच्या आधीचं १४वं कलम वाचलं की उलगडते. तिथं दोष कुणाला दिलाय? चर्च आवश्यक आहे हे स्वतःला कळलेलं असूनही जो आत यायचं नाकारतो, त्याला. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) पाहिलेली असणं आणि हे मनातून पटलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या यजमानांना आतून काय पटलंय हे तुम्हालाही सोळा वर्षांत पुरतं कळलं नसेल, मग कॅटेकिझमच्या टीचरना कुठून कळणार? आणि परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात आणखी एक पाऊल पुढं टाकलंय: पवित्र आत्मा प्रत्येक माणसाला ख्रिस्ताच्या मृत्यू-पुनरुत्थानाच्या रहस्यात सहभागी होण्याची शक्यता देतो, कशी ते देवालाच ठाऊक.

एक सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही मुलीपुढं जास्तीचं बोलणार नाही. सगळे धर्म सारखेच, असं चर्च म्हणत नाही. तारण ख्रिस्तामुळंच मिळतं, हीच त्याची श्रद्धा आहे. पण ते कुणापर्यंत कोणत्या वाटेनं पोहोचतं याचा हिशेब ठेवायचं काम त्यानं माणसांकडं दिलेलं नाही. लेकीला दोन्ही सांगा. तेरा वर्षांच्या मुलीला गोड करून सांगितलेलं लगेच कळतं.

तिचा प्रश्न जुना आहे, हेही तिला सांगा. तुमच्या वसईच्या घरी भिंतीवर सेंट फ्रान्सिस झेवियर असणारच. ते जपानहून परत आल्यावर २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून युरोपातल्या आपल्या सोबत्यांना पत्र लिहितात. जपानमधले नवे ख्रिस्ती त्यांना विचारत होते, आमचे मेलेले आईबाप, मुलंबाळं, त्यांचं काय? झेवियर यांनी त्या काळी जे शिकवलं जाई तेच उत्तर दिलं: त्यांना सुटका नाही. ती माणसं रडायची थांबेनात, आणि आपल्या जिवलगांचं हे दुःख पाहून मलाही वाईट वाटतं, असं झेवियर यांनीच लिहून ठेवलंय. एवढ्या मोठ्या संताला जे उत्तर देताना जड गेलं, त्यावर चर्चनं पुढं चारशे वर्षं विचार केला. बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी विसाव्या शतकातही 'कॅथलिक नसलेला तरत नाही' असंच ठासून सांगत होते, तेव्हा १९४९ मध्ये रोमनं पत्र पाठवून हा अर्थ चूक ठरवला. फादर ऐकेनात, बोलावलं तर गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आलं. चर्चबाहेर कुणी तरत नाही असं सांगता सांगता गृहस्थ स्वतःच बाहेर. (पुढं १९७२ मध्ये समेट झाला, काळजी नको.)

आता लेकीकडं येते. 'जिथं बाबा नाहीत तिथं मला जायचं नाही' हे वाक्य ऐकून तुम्हाला वाटलं, पोरीची श्रद्धा गेली. मला वाटत नाही. सासूबाईंना विचारा, त्या लगेच ओळखतील. स्वर्गाच्या दारात धर्मराजाला सांगितलं होतं की तू ये, हे कुत्रं बाहेर ठेव. तो म्हणाला, मग मीही येत नाही. परीक्षा तीच होती आणि तो तिथं पास झाला. जिला स्वर्ग-बिर्ग सगळं थोतांड वाटतं ती मुलगी त्यासाठी उपाशी झोपत नाही. तुमच्या लेकीनं प्रश्न मनाला लावून घेतला, कारण तिनं आजवर शिकवलेलं सगळं खरं मानलंय.

म्हणून समजावायचं असेल तर 'तासाला जा' असं समजावू नका, त्या प्रश्नाचं उत्तर द्या. आजच, जेवणं झाल्यावर, यजमान घरात असताना. लांबण लावू नका. टीचरनी अर्धंच सांगितलं, पूर्ण असं आहे, हे बघ कुठं लिहिलंय, एवढंच. सोबत शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, एक गोष्ट सांगा, तिला पाठ असलेली. दर रविवारी कम्युनियन घ्यायच्या आधी आपण सगळे म्हणतो ना, प्रभो, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही, तू फक्त शब्द बोल. ते शब्द कुणाचे? एका रोमन अधिकाऱ्याचे. ना ज्यू, ना शिष्य, परक्या फौजेतला माणूस, चाकर आजारी पडला म्हणून येशूकडं आलेला. आणि येशू सोबतच्या लोकांना म्हणतो, एवढा विश्वास मला इस्राएलात कुणाकडं दिसला नाही. जगभरातले कॅथलिक दर मिस्सेला एका बाहेरच्या माणसाचं वाक्य उसनं घेऊन कम्युनियनला जातात. लेकीनं ते शेकडो वेळा म्हटलं असेल. ते कुणाचं, हे कुणी सांगितलंय का ते विचारा.

संत पौलानंही, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायाच्या १४व्या वचनात, तुमच्यासारख्याच घरांविषयी लिहिलंय: विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळं पवित्र झालेला आहे. हे तुमच्यासाठी. लेकीला सांगायची घाई नाही, नाहीतर बाबांना चिडवायला नवं निमित्त मिळेल.

यजमानांनी त्या बैठकीत काय करायचं? 'असं काही नसतं गं, सोड' एवढं मात्र म्हणू नये. प्रेमानं म्हटलं तरी त्यात मुलीचा प्रश्न फुकट जातो आणि आईची श्रद्धाही. त्यांनी स्वतः देवाला काय मागतात, मागतात की नाही, टेकडीच्या गणपतीसमोर हात जोडतात तेव्हा मनात काय असतं, हे लेकीला सांगितलं तर फार बरं. बापानं हे सांगितलेलं पुष्कळ घरांत मुलांनी कधीच ऐकलेलं नसतं.

मोरल सायन्सचं काय? कायद्यानं बघाल तर हक्क तुमच्या हातात आहे. राज्यघटनेच्या २८व्या कलमाचा तिसरा भाग सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. शाळा अल्पसंख्याकांची आहे, ३०व्या कलमानं तिला स्वतःचा कारभार करायचा हक्क आहे, पण त्यानं हे बदलत नाही. बाप्तिस्मा झालेल्या मुलीलाही हे लागू आहे. एक चिठ्ठी दिलीत की शाळेला ऐकावं लागेल. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं तर एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना स्वतःहून सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी घटनेची उद्देशिका वाचा, सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची एखादी खोली ठेवा.

तरी ती चिठ्ठी एवढ्यात देऊ नका, असंच मी म्हणेन. मोरल सायन्समध्ये तिच्या बाबांबद्दल कुणी काही वाईट बोलणार नाही, कारण तिथं स्वर्गाचा विषयच निघत नाही. (बऱ्याच शाळांत तो तास गणिताचा पोर्शन संपवायला जातो, ते वेगळं.) पण तिच्या मनात रुतलेलं अर्धं वाक्य तसंच राहील. ती पंचवीस वर्षांची होईल आणि तिची पक्की समजूत असेल की कॅथलिक म्हणजे माझ्या बाबांना नरकात घालणारे लोक. आधी ते वाक्य पूर्ण होऊ द्या. त्यानंतरही तिला मोरल सायन्सलाच बसायचं असेल तर खुशाल बसू द्या, चिठ्ठी मी म्हणते म्हणून द्या.

आणि एक हळूच चाचपून बघा. मी भूगोल शिकवता शिकवता बरीच वर्षं कॅटेकिझमचा तास घेतलाय, म्हणून सांगते. घंटा होते, प्रत्येक वर्गातून दोन-तीन मुली ते पातळ पुस्तक काखेत मारून उठतात आणि अख्खा वर्ग त्यांच्याकडं बघत राहतो. तीन तुकड्यांच्या मिळून सात-आठ जणी लायब्ररीत दोन कपाटांच्या मधे बसतात, पलीकडं लायब्ररीयन बाई पुस्तकांवर शिक्के मारत असतात. परत वर्गात येईपर्यंत मैत्रिणींचा काहीतरी विनोद होऊन गेलेला असतो आणि तो हिला कळत नाही. त्यात तुमच्या लेकीचं आडनाव वडिलांचं. 'तू कशी काय गं कॅथलिक?' हे तिनं किती वेळा ऐकलं असेल. आठवीत हे सगळं फार टोचतं. तिच्या नकारात बाबांवरची माया किती आणि हे किती, तिलाही सांगता येणार नाही. विचारून बघा, उत्तर नाही दिलं तर सोडून द्या.

कन्फर्मेशनचं मात्र माझं मत पक्कं आहे: या वर्षी नको. फॉर्म भरू नका, 'पुढं बघू' असं फादरांना सांगा, ते रागावणार नाहीत. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ८८९व्या कलमानुसार समज आलेल्या माणसाचं कन्फर्मेशन व्हायचं तर त्याला योग्य शिक्षण मिळालेलं असावं, मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचनं त्याला स्वतःला पुन्हा उच्चारता यावीत. बाप्तिस्म्याच्या वेळी ती वचनं तिच्या वतीनं तुम्ही दिली. आता तिनं द्यायची आहेत. 'आईला वाईट वाटेल' म्हणून दिलेलं वचन कुणाच्या कामाचं? हा संस्कार आठवीतच झाला पाहिजे असं कुठंही नाही. नववीत घेतात, कॉलेजात घेतात, लग्नाच्या आधी धावपळ करून घेणारेही मी पाहिलेत.

हे नागपूर आहे हो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या त्या मैदानावर. मधली एकवीस वर्षं ते धर्म वाचत होते, तपासत होते. तुमच्या लेकीच्या वर्गात ज्यांच्या पणजोबांनी तिथं उभं राहून दीक्षा घेतली अशा मुली नक्की असतील. विश्वास ही आपण विचार करून स्वीकारायची गोष्ट आहे, हे या गावातल्या मुलीला तारखेच्या फॉर्मपेक्षा लवकर पटतं.

आता तुमचा शब्द. तुम्ही रात्र रात्र जागताय ते याच्यापायी, म्हणून यावर जरा थांबते. १९७० च्या आधी अशा लग्नात दोघांकडूनही लेखी हमी घेत, कॅथलिक नसलेल्याकडूनसुद्धा. सहाव्या पॉल पोपांनी त्या वर्षी ते बदललं आणि १९८३ च्या कॅनन लॉमध्ये ११२५व्या कलमात तेच आलं: शब्द फक्त कॅथलिक जोडीदारानं द्यायचा, दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची. म्हणजे यजमानांनी कसलाच शब्द दिलेला नाही, आणि तरी माणूस सोळा वर्षं आडवा आला नाही. हे तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, मला ते लहान वाटलं नाही. तुमचा शब्दही काय आहे ते बघा. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी 'माझ्या हातून होईल ते सगळं करीन', असा. निकालाची हमी तुमच्याकडून कुणी मागितली नव्हती. मुलीला खरं उत्तर शोधून देणं हे त्या शब्दात बसतं. तिला ओढत लायब्ररीत नेऊन बसवणं बसत नाही, कारण विवेकाविरुद्ध कुणालाही कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडू नये असं त्याच कायद्याच्या ७४८व्या कलमात आहे.

पण 'माझ्या हातून' हे शब्दही वाचा. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या पत्रात बाप्तिस्मा आहे, कम्युनियन आहे, शाळा आहे, कन्फर्मेशनचा फॉर्म आहे. घरात तुम्ही दोघी कधी प्रार्थना करता, बायबल कधी उघडलं जातं, याबद्दल काही नाही. कदाचित लिहायचं राहिलं असेल. चर्च मुलांच्या श्रद्धेची पहिली जबाबदारी आईवडिलांवर टाकतं, शाळेवर नाही. ७७४वं कलम तर शब्दांनी आणि स्वतःच्या उदाहरणानं असं दोन्ही मागतं. शाळेच्या हातात आठवड्याचा सव्वा तास असतो. त्यातून परीक्षा, गॅदरिंग, स्पोर्ट्स डे आणि आपल्याकडची उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी वजा करा. तो तास घेणाऱ्या टीचरला बहुधा त्याचं वेगळं प्रशिक्षण नसतं. ती कॅथलिक असते आणि त्या वेळी तिचा तास रिकामा असतो, एवढीच तिची निवड. अशा सव्वा तासावर आपण मुलीची श्रद्धा सोपवतो आणि मग त्यात काही बिघडलं की हबकतो.

फार काही करायला नको. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान मराठीत मोठ्यानं वाचा, दहा मिनिटं. सासूबाई पोथी वाचणाऱ्या असतील तर त्यांनाही बसवा. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मिळवा. १६१६ साली छापलेलं, सगळं ओवीत. ती जुनी मराठी इंग्रजी माध्यमातल्या नातीला अडेल आणि ओवीची सवय असलेल्या आजीला अडणार नाही. नातीला तिच्याच धर्माचं पुराण आजीनं वाचून दाखवावं, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. मुळात ते रचलं गेलं तेही नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांनी, आमच्या पुराणांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या, असा आग्रह धरल्यामुळं.

राहिली शाळा. भांडू नका, पण गप्पही बसू नका. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातला एक शब्दही टाकू नका. दुपारपर्यंत त्याचं 'कॉन्व्हेंटमध्ये काय चाललंय बघा' होतं, संध्याकाळी शाळेच्या गेटवर ज्यांची मुलं तिथं शिकतही नाहीत अशी माणसं जमतात, आणि तुमच्या लेकीचा प्रश्न राहतो बाजूला. आधी त्या टीचरनाच भेटा. प्रिन्सिपल सिस्टरकडं त्यानंतर, गरज पडली तर. पॅरिशचे, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चचे, फादर आणखी नंतर. मोठ्या कॅटेकिझमचा १२५७वा आणि ८४७वा परिच्छेद (परिषदेचं १९६४ चं ते म्हणणं या दुसऱ्यात आहे), दोन्हींची झेरॉक्स सोबत न्या, पण पहिल्या मिनिटाला पुढं करू नका. आधी घरी काय झालं ते सांगा. त्या दुष्टपणानं बोलल्या नसणार. लहानपणी त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी पुढं दिलं, आणि 'प्रार्थना कर' म्हणताना त्यांना बिचाऱ्यांना आपण धीरच देतोय असं वाटलं असेल.

मागणी एकच ठेवा: पुढच्या तासाला त्यांनी हा विषय पुन्हा काढावा आणि उरलेलं अर्धं वाक्य सगळ्यांसमोर सांगावं. तुमच्या लेकीला एकटीला बोलावून सांगून भागणार नाही, कारण बाकीच्या सहा-सात जणींनीही तेच ऐकलंय, आणि त्यांच्यातल्या एखादीचा मामा, एखादीची आजी, कुणीतरी बाप्तिस्मा न झालेलं असणारच. नागपुरातल्या सदर भागातल्या कॅथेड्रलला (बिशपांच्या मुख्य चर्चला) ज्यांचं नाव आहे ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स बिशप असूनही स्वतः मुलांचा कॅटेकिझम घेत, आणि एका मुक्या-बहिऱ्या तरुणासाठी त्यांनी खुणांची भाषा बसवून त्याला एकट्याला शिकवलं होतं. त्यांच्याच नावाच्या मिशनरींनी १८७० मध्ये इथं शाळा काढली. तेव्हा एका मुलीच्या प्रश्नासाठी एक तास पुन्हा घ्या, हे मागणं नागपूरच्या परंपरेत बसणारं आहे, संकोच करू नका.

आणि भेटीला यजमानांना घेऊन जा. बोलायचं तुम्हीच, ते नुसते शेजारी बसले तरी पुरे. ज्याच्याबद्दल निकाल देऊन टाकलाय तो माणूस समोर खुर्चीवर बसून 'नमस्कार टीचर' म्हणाला, की पुढचं बोलणं वेगळ्या तऱ्हेनं होतं. शनिवारची वेळ मागा, शाळा लवकर सुटते आणि टीचरनाही घाई नसते. रेल्वेत रजेचं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा अर्ज त्यांना उद्याच टाकायला सांगा.